सहाशे अठ्ठेचाळीस रेघा

सावरखेडच्या जत्रेतला आकाशपाळणा पडला नाही. कुणी मेलं नाही, कुणाचं बोटसुद्धा चेंगरलं नाही. आता हे मी सांगितलंच नाही असं समजा. कारण त्या वर्षी गुरुवार दुपारपासून रविवार सकाळपर्यंत हे वाक्य माझ्याकडे नव्हतं, आणि मी ते चार दिवस बिनवाक्याचे काढले असताना ऐकणाऱ्यांनी पहिल्या ओळीपासून सुखात राहावं, हे मला पटत नाही.

तर गुरुवार. दुपारचे दोन. मी पाळण्याखाली उभा होतो. हातात चिमट्याच्या पॅडवर लावलेला तपासणीचा फॉर्म. नोकरीला लागून आठ महिने झालेले, त्यामुळे फॉर्म मी खरोखर वाचत होतो. प्रश्न अकरावा: सर्व नट-बोल्ट स्वच्छ, कोरडे व गंजरहित आहेत काय? मी मान वर केली. पन्नास फूट उंच पाळणा, सोळा डबे, आणि दिसेल त्या प्रत्येक नटावर कुंकू.

मालकीण गजराबाई लोहार गावात मानाच्या घरांना पहिल्या फेरीचं आवतण द्यायला गेलेली. तिचा मुलगा सुदाम डिझेल आणायला गेलेला. राखणीला दोन रोजंदारीची माणसं होती. ती एका डब्यात बसून शेंगा खात होती.

मी साहेबांना फोन लावला. आमचे उपअभियंता धामणस्कर साहेब.

"सर, पाळण्याला कुंकू लावलंय."

"लावू द्या की. एखादा नारळही फोडतात."

"सर, प्रत्येक नटाला."

"प्रत्येक?"

"खालच्यांना तरी. वरचे मोजायला मान पुरत नाही."

साहेबांनी तिकडे कुणाला तरी चहा सांगितला. मग म्हणाले, "पुसून घ्या. शनिवारी प्रांतसाहेब उद्‌घाटनाला येणार, फोटो निघणार. आपलं खातं यंत्राचं आहे कणसे, देव्हाऱ्याचं नाही."

मी ती दोन माणसं शेंगांवरून उठवली, रॉकेल आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या मिळवल्या, आणि कामाला लागलो. पाळणा हाताने थोडाथोडा फिरवायचा, जो भाग खाली येईल तो पुसायचा. कुंकू चिवट होतं. पुढे कळलं की ते जवसाच्या तेलात कालवलेलं होतं, आणि जवसाचं तेल वाळलं की रंगासारखं धरतं. तेव्हा मला वाटलं, श्रद्धा फार घट्ट आहे. सहाला शेवटचा नट पुसून झाला. फॉर्मवर अकराव्या प्रश्नापुढे मी 'होय' लिहिलं. नोकरीत एवढं मनापासून मी त्याआधी काही लिहिलं नव्हतं.

तेवढ्यात गजराबाई आली. साठीची बाई, डोईवर पदर, हातात गावातून मिळालेला कोथिंबिरीचा जुडगा. ती पाळण्याभोवती एक फेरी मारून आली.

"सायेब, हे काय केलं?"

"स्वच्छता."

"किती?"

"पूर्ण."

"वरच्या अंगाचं बी?"

"फिरवून घेतलं ना खाली."

तिनं कोथिंबीर दुसऱ्या हातात घेतली. सुदाम डिझेलचा कॅन घेऊन आला होता, त्याच्याकडे वळून ती म्हणाली, "लई कामाचं पोर हाय. आईबापानं काय खायला घातलं असंल, कुणास ठावं."

सुदामनं पाळण्याकडे पाहिलं आणि कॅन खाली ठेवला. मग तो त्याच कॅनवर बसला.

"मावशी," मी म्हणालो, "तुमच्या भावना दुखावल्या असतील तर..."

"भावना न्हवं रं लेकरा. रेघा."

तिनं आगपेटीची काडी घेतली, डबीतल्या कुंकवात बुडवली, आणि समोरच्या नटावर मला काढून दाखवली. बोल्टाच्या टोकावरून निघालेली रेघ नटावरून उतरून खालच्या पत्र्यावर गेली. एक सरळ तांबडी रेघ.

"नट गव्हाच्या दाण्याएवढा फिरला तरी रेघ मोडती," ती म्हणाली. "खाली उभं राहून कळतं, कंचा सैल झालाय. बुधवारी वाळूची पोती भरून दोन तास पाळणा फिरवला. आता उजेड हाय तवर सगळ्या रेघा बघायच्या हुत्या."

"मग?"

"मग काय? तू बघितल्यास की सगळ्या, पुसताना. मोडलेल्या किती हुत्या?"

मी फॉर्मकडे पाहिलं. फॉर्ममध्ये ते नव्हतं.

"सहाशे अठ्ठेचाळीस नट हायेत," कॅनवरून सुदाम म्हणाला. "त्यातला कंचा सैल हाय ते आता देवालाच ठाव. अन् तुम्ही देवालाच पुसून टाकलंय."

गजराबाईचा नेम साधा होता: रेघ नाही तर पाळणा नाही. तो तिच्या नवऱ्यानं घातलेला. म्हणजे सगळे नट पुन्हा आवळायचे, पुन्हा रेघा काढायच्या, पुन्हा पोती भरून फिरवायचं. जत्रा शनिवारी संध्याकाळी उभी राहणार होती. सावरखेडची जत्रा हंगामातली शेवटची. ती हुकली तर पाळणा सुटा होऊन शेडात जाणार तो दिवाळीलाच बाहेर येणार, आणि मधला सगळा पावसाळा मायलेकरांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघत काढायचा.

मी बाजूला जाऊन साहेबांना फोन केला.

"सर, पुसलं."

"शाब्बास."

"सर, ते पुसायचं नव्हतं."

मी सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं.

"कणसे, पाळणा आत्ता उभा आहे ना?"

"आहे."

"मग उभ्या पाळण्याला प्रमाणपत्र द्यायला अडचण काय आहे?"

मी फोन ठेवला. गजराबाई कोथिंबीर निवडत होती. "उद्या दिवस उगवायला ये," ती वर न बघता म्हणाली. "बत्तीच्या उजेडात रेघ दिसत न्हाई. अन् जुनी कापडं घाल."

मी येतो असं म्हणालोच नव्हतो. पण गेलो.

कॉलेजात 'नटांचे प्रकार व त्यांचे धातू' या विषयावर सात मार्कांचा प्रश्न होता. मी सहा मिळवले होते. शुक्रवारी सकाळी ते सहाच्या सहा मार्क पहिल्या डब्यापाशीच संपले. एका माणसानं बोल्टाचं डोकं धरायचं, दुसऱ्यानं नटावर पाना मारायचा. दोन रोजंदारीच्या माणसांपैकी एक कुस्त्या बघायला गेला तो गेलाच. उरलेला पाळणा फिरवायला लागायचा. म्हणून सुदामनं डोकं धरायचं आणि मी पाना मारायचा. गजराबाई मागून काडी आणि डबी घेऊन.

"माथ्यावर आठाचा आकडा बघ," ती म्हणायची. "आठ म्हंजी पक्कं पोलाद," आणि पुढे, "आठ नसला तर तो नट न्हवं. वायसर जाड झालीया म्हणायचं."

साध्या षटकोनी नटांचं एक वेळ बरं होतं. किल्ल्याच्या नटांनी मला रडवलं. त्यांच्या डोक्यावर बुरुजासारख्या खाचा असतात. बोल्टाला एक आरपार भोक असतं, आणि खाच भोकासमोर आणून त्यातून पिन घालायची, म्हणजे नट सुटत नाही. आवळलं की खाच पुढे जायची, सैल केलं की मागे यायची. दोन्हींच्या मधे मी. डब्यांच्या प्रत्येक दांड्याला असे दोन, डबे सोळा. दुपारपर्यंत माझ्या तळहाताला फोड येऊन, फुटून, नवा आला.

"निळ्या कड्याचा हाय त्याला हात लावू नगंस," सुदाम म्हणाला. नायलॉक नट. आत प्लॅस्टिकचं कडं असतं, ते बोल्टाला धरून ठेवतं. "एकदा खोलला की टाकायचा. दुसऱ्यांदा लावला तर तो लग्नात जेवायला आलेल्या पाव्हण्यागत. दिसतो आपला, धरून कुणालाच न्हाई."

"मग आवळायचा कसा?"

"पुढंच न्यायचा. मागं आणायचा न्हाई."

"आणि हे नटावर नट?"

"चेक नट. सून हलू नये म्हणून वर सासू."

"गप," गजराबाई म्हणाली. "तुला सून आणायचं बघ आधी."

दिव्यांच्या जोडणीला पितळी नट होते. पितळ गंजत नाही, पण त्याला जोर सोसत नाही. मी लोखंडाच्या सवयीनं पीळ दिला आणि दोघांचे आटे उडवले. गजराबाईनं ते दोन नट माझ्या हातावर ठेवले आणि बोटं मिटवली, जत्रेतली खाऊची पुडी द्यावी तशी.

दुपारी भाकरी खाताना मी विचारलं, "मावशी, ही रेघेची युक्ती मालकांना सुचली कशी?"

"डोस्क्यात नट पडला त्येंच्या. ह्याच पाळण्याचा. तवापासनं डाव्या कानानं ऐकू येईना. म्हणायचे, माझ्या डोस्क्यात पडला ते बरं झालं. वरच्या डब्यात लेकरं हुती, त्यांच्या खालचा निसटला हुता."

"मग?"

"मग काय. माझी कुंकवाची डबी घेतली अन् चढले वर. मी म्हणलं, अहो, मी काय लावू? तर म्हणले, मी हाय तवर तू लाव की उरलेलं." तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "आता समदंच उरतंय."

सुदाम पाणी प्यायला उठून गेला. मी भाकरीकडे बघत राहिलो. कुंकू पुसणारा माणूस म्हणून त्या वेळी काय बोलावं, हे मला आजही कळलेलं नाही.

शनिवारी दुपारी बारापर्यंत सहाशे चोवीस झाले. उरले ते बाहेरच्या कड्यावरचे चोवीस, स्टेनलेसचे. हे सुदामनं यंदा नवे बसवलेले, बोल्टासकट. आरसा मारतील असे. "मोबाईलमधी चमकत्यात," तो म्हणाला. "पोरी फोटू काढत्यात, त्यात पाळणा नवा दिसतो."

पहिल्यावर पाना लावला. हलेना. "घट्ट," सुदाम म्हणाला. दुसराही घट्ट. तिसरा घट्ट. माझ्या आयुष्यात त्या तीन दिवसांत ऐकलेला तो सर्वांत सुंदर शब्द होता. नऊ झाले. दहाव्याला पाना लावला, तोही घट्ट होता, आणि मी पाना तसाच सोडून कपाळ पोलादी दांड्याला टेकवलं. मिनिटभर. डोळे मिटून. हात कुठेतरी ठेवायचा म्हणून नटावर ठेवला आणि बोटानं त्याच्या खालच्या वायसरशी, त्या पातळ चकतीशी, चाळा करत राहिलो. गोल गोल. शिकलेला माणूस दमला की खेळतो.

मग माझ्या लक्षात आलं की वायसर गोल गोल फिरतेय.

घट्ट आवळलेल्या नटाखालची वायसर फिरत नाही. ती चिरडलेली असते. मी डोळे उघडले. वायसर पुन्हा फिरवली. ती बांगडीसारखी फिरली.

"सुदाम, पाना मार."

त्यानं मारला. नट हलला नाही. त्यानं पाय रोवून मारला. नट जागचा हलला नाही. आणि वायसर माझ्या बोटाखाली गरगर फिरत होती.

माझा सातवा मार्क इथेच गेला होता. स्टेनलेसच्या बोल्टावर स्टेनलेसचा नट कोरडा, घाईनं आवळला की दोघांचे आटे एकमेकांना धरतात. वाटेतच. मग तो पुढे जात नाही, मागे येत नाही. हाताला वाटतं, बसला. बसलेला नसतो, अडकलेला असतो. खालचे पत्रे मोकळेच राहतात.

गजराबाई खाली काडी घेऊन उभी होती. मी तिला सांगितलं. तिनं दुसऱ्यांदा सांगायला लावलं.

"पर ह्येंच्या रेघा मोडल्या न्हवत्या," ती म्हणाली. "बुधवारी फिरवल्यावर खालनं ह्याच आधी बघितल्या मी. चमकत्यात म्हणून दिसत्यात. चोवीसच्या चोवीस सरळ."

"त्या मोडणारच नव्हत्या मावशी. नट हललाच नाही. हलूच शकत नाही तो. सबंध जत्राभर रेघ सरळ राहिली असती."

ती खालीच बसली. काडी तिच्या हातात तशीच होती, आणि टोकावरचं कुंकू तिच्या बोटावर ओघळत होतं.

"म्हंजी तू पुसलं नसतंस तर ह्यो सापडला नसता."

मी ती वायसर आणखी एकदा फिरवली.

"तरी पुसलंस ते चूकच."

"चूकच."

एवढ्यावर आमचं एकमत झालं आणि आम्ही चोवीसच्या चोवीस वायसरना बोट लावून पाहिलं. अकरा फिरत होत्या. सुदामनं करवत आणि छिन्नी काढली, आणि आपले चमकणारे नट एकेक करून कापायला घेतले. स्टेनलेस सहज कापत नाही. तीन कापून झाल्यावर त्यानं करवत माझ्याकडे दिली आणि आठाच्या आकड्याचे नवे बोल्ट आणायला मोटरसायकल काढून तालुक्याला गेला.

चारला जीप आली. धामणस्कर साहेब उतरले, कडक इस्त्रीत. हातात टाईप केलेलं प्रमाणपत्र. तारीख गुरुवारची, नाव माझं, फक्त सही कोरी.

"कणसे, हे काय रूप करून घेतलंय? पाचला प्रांतसाहेब येतायत. करा सही."

"सर, अकरा बोल्ट काढतोय आम्ही."

"एकूण किती आहेत?"

"सहाशे अठ्ठेचाळीस."

साहेबांनी वर बघून हिशेब केला. "अकरा म्हणजे दोन टक्केही नाहीत. तुम्ही स्वतः चाळीस टक्क्यांवर पास झालात ना?"

"सर, ते कड्याचे आहेत. डबे त्यावर आहेत."

"तुमची परिवीक्षा संपायला अजून चार महिने आहेत. तो बोल्ट किती घट्ट आहे तेही मी बघू शकतो."

मी खरं सांगतो, मी शूर नव्हतो. मी दमलेला होतो. शूर माणसानं काही तरी बाणेदार उत्तर दिलं असतं. मी फक्त दोन्ही तळहात पुढे केले आणि म्हणालो, "सर, पेन धरवत नाही." आणि ते खोटंही नव्हतं.

साहेब गजराबाईकडे वळले. "बाई, तुम्ही सुरू करा. सहीचं मी बघतो."

गजराबाईनं इंजिनाचा पट्टा काढला, त्याची गुंडाळी केली आणि ती मांडीखाली घेऊन बसली. "आज फिरायचा न्हाई पाळणा. प्रांतसायबाला म्हणावं, दुसरं कायबी कापा."

पाचला प्रांतसाहेब आले. त्यांनी उसाच्या रसाच्या गाड्याची फीत कापली. फोटो चांगले आले. पाळण्यासमोर शनिवारची गर्दी आली, वर बघून उभी राहिली, आणि मौत का कुआंकडे निघून गेली. मानाच्या घरची माणसं पहिल्या फेरीला आली होती, तीही परत गेली. गजराबाई प्रत्येकाला हात जोडत होती. तिच्या हंगामाची सगळ्यात मोठी संध्याकाळ अशी समोरून चालत गेली आणि ती पट्ट्यावर बसून बघत राहिली.

रविवारी सकाळी नवे अकरा बसले. उरलेले तेराही सुदामनं कापून बदलले, कुणी न सांगता. पोती भरून दोन तास पाळणा फिरवला. रेघा सगळ्या सरळ. तरी गजराबाई कड्यावरच्या चोवीस वायसरना एकेक करून बोट लावत गेली. बोट लावायचं, थांबायचं, मान हलवायची, पुढे. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

"कागुद आण तुझा."

मी पॅड आणलं; साहेब मागे ठेवून गेलेलं प्रमाणपत्र, तारीख रविवारची करून, त्यालाच लावलं होतं. ती डब्यात बसली आणि शेजारची जागा थोपटली.

"मावशी, मी इथेच करतो सही."

"बस."

सुदामनं पाळणा सुरू केला. आम्ही वर गेलो. अगदी माथ्यावर तिनं हात केला आणि पाळणा थांबला. डबा मागेपुढे झुलत होता. खाली सावरखेडची जत्रा. रांगेत नवे कपडे घातलेली पोरं, कडेवर बाळं घेतलेल्या बाया, आणि सगळ्यांचे चेहरे वर, आमच्याकडे. आमच्या बुडाखाली दोन किल्ल्याचे नट होते. ते मीच आवळले होते. पिना मीच घातल्या होत्या. नीट घातल्या होत्या का, हे मी आठवायला लागलो.

"आता कर," ती म्हणाली.

मला चटकन करता आली नाही. मी खाली वाकून दोन्ही पिना बघितल्या. मग त्यांना हात लावून बघितलं. तिला घाई नव्हती.

"मालक असताना तपासायला येणाऱ्या समद्या इंजनेरांला म्हणायचे, वर चला अन् सही करा," ती म्हणाली. "एकवीस वर्सांत दोघं चढले. बाकीच्यांनी जिपड्यात बसून केल्या."

मी सही केली. डबा झुलत होता, तळहात फाटले होते. सही अशी आली की ती माझी आहे हे मलाही पटेना.

याला सात वर्षं झाली. त्या सोमवारी कार्यालयाकडून मला पत्र आलं: दहा मिनिटांच्या तपासणीस चार दिवस का लागले, आणि प्रमाणपत्रावरील स्वाक्षरी नमुना स्वाक्षरीशी का जुळत नाही, याचा लेखी खुलासा करावा. मी केला. त्यात नट, धातू, आटे, वायसर, सगळं आलं. ते कुणी वाचलं नसावं. शेवटचा परिच्छेद मात्र मी दर वर्षी जत्रा जवळ आली की नव्या तारखेनं पाठवतो, आणि आवक विभाग त्यावर दर वर्षी नेमानं शिक्का मारतो. तो असा:

"तरी यापुढे आकाशपाळण्याच्या सुरक्षितता प्रमाणपत्रावरील स्वाक्षरी सक्षम अधिकाऱ्याने पाळणा चालू स्थितीत असताना, सर्वांत उंच डब्यात बसून, शक्य असल्यास कुटुंबीयांसह, व खाली उभ्या असलेल्या लोकांकडे पाहत करावी, आणि जी स्वाक्षरी नमुना स्वाक्षरीशी तंतोतंत जुळेल ती अवैध समजण्यात यावी, असे आदेश व्हावेत, ही विनंती."